एकविसावा दिवस नेमका कोणाचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३१. आठ महिने बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. पाळी ३४ ते ३७ दिवसांनी येते, पण येते, कधी चुकत नाही. गेल्या आवर्तनात (म्हणजे एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंतच्या दिवसांत) एकविसाव्या दिवशी रक्त दिलंत. रिपोर्टमध्ये प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज फुटल्यावर वाढणारं हार्मोन, ०.९. एलएच ३८ आणि एफएसएच १४, ही दोन मेंदूकडून अंडाशयाला चालना देणारी हार्मोन. त्यावरून तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. प्रोजेस्टेरॉन कमी, म्हणजे बीज फुटत नाही. एलएच हे एफएसएचच्या दुपटीहून जास्त, म्हणजे पीसीओएस, हार्मोनच्या बिघाडाने बीज अनियमित फुटण्याचा विकार. पुढच्या पाळीपासून घ्यायच्या, बीज फुटण्याच्या गोळ्याही लिहून मिळाल्या. आता तुम्ही विचारताय, की बीज फुटतं की नाही हे ठामपणे सांगणारी रक्ततपासणी कोणती, आणि एएमएचसकट (अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) सगळी हार्मोन प्रोफाइल एकदाची करून टाकावी का.

याशिवाय दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. रक्त दिल्यानंतर पंधराव्या दिवशी पाळी आली. आणि, ‘बारा ते सोळा हे दिवस आम्ही कधीच चुकवत नाही.’ मला विचाराल तर सगळ्या मजकुरात सर्वांत कामाची हीच दोन वाक्यं आहेत.

मी बावीस वर्षं स्त्रीरोग आणि वंध्यत्वाच्या रुग्णांचं काम करते आहे. तुम्हाला मी तपासलेलं नाही, सोनोग्राफी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचं सगळं ‘दिलेली माहिती बरोबर धरली तर’ या अटीवर वाचा. गोळ्या घ्या किंवा घेऊ नका, हेही मी इथून सांगणार नाही. रिपोर्ट कसा वाचायचा, तेवढं सांगते.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून. बीज फुटल्याचं रक्तात थेट काहीच दिसत नाही. बीज हे ठिपक्याएवढं. ते अंडाशयातून निघून नलिकेत गेलं याची नोंद कुठल्याही नळीतल्या रक्तात होत नाही. आपण तपासतो ते त्याच्या मागे राहिलेलं चिन्ह. तर्कशास्त्रातला तो डोंगरावरचा धूर आठवा. धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे असं अनुमान. प्रोजेस्टेरॉन हा इथला धूर. आणि धुराचं म्हणाल तर तो आग लागायच्या आधी दिसत नाही आणि विझून गेल्यावर फार काळ टिकतही नाही. म्हणून डोंगराकडे कधी पाहिलंत, याला धूर दिसला की नाही याइतकंच महत्त्व आहे.

आता आत काय घडतं ते. आवर्तनाच्या पहिल्या भागात एक फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढतं ती पाण्याची छोटी पिशवी, पुढे निघतं आणि शेवटच्या टप्प्यात रोज साधारण दोन मिलिमीटरने वाढतं. ते वाढताना इस्ट्रॅडिओल हे स्त्री-हार्मोन तयार करतं. हे इस्ट्रॅडिओल साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर जाऊन दोनेक दिवस तिथे टिकलं, की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एकदम एलएच सोडते. ही एलएचची लाट. लाट सुरू झाल्यापासून ३४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडतं. बीज गेल्यावर फॉलिकलचं जे रिकामं कवच उरतं, त्याचंच पीतपिंड होतं, म्हणजे कॉर्पस ल्युटियम. प्रोजेस्टेरॉनचा कारखाना तो हा. सहा-सात दिवसांनी त्याचं उत्पादन सर्वांत जास्त असतं. गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांच्या आसपास तो आटतो, प्रोजेस्टेरॉन पडतं आणि पाळी येते.

यात लक्षात ठेवण्यासारखं असं, की आवर्तनाचा पहिला भाग रबरासारखा आहे. तो दहा दिवसांचाही असतो, पंचविसांचाही असतो. दुसरा भाग मात्र बराचसा ठरलेला, बहुतेकींमध्ये बारा ते पंधरा दिवसांचा. पाळी लांबते ती बहुतेक वेळा बीज उशिरा तयार होतं म्हणून. बीज फुटल्यानंतरचे दिवस लांबत नाहीत.

एकविसावा दिवस आला कुठून, तर या हिशेबातून. २८ दिवसांचं आवर्तन, चौदाव्या दिवशी बीज, त्यानंतर सात दिवसांनी प्रोजेस्टेरॉनचं शिखर. चौदा अधिक सात. तपासणीचं खरं नाव ‘पुढच्या पाळीच्या सात दिवस आधीचं प्रोजेस्टेरॉन’ असायला हवं होतं. पण बोलायला लांबलचक, म्हणून ‘डे ट्वेंटी-वन’ रुळलं आणि मग ज्यांचं आवर्तन अठ्ठावीस दिवसांचं नाही अशा सगळ्या बायकांनाही ते चिकटलं. तुमचं आवर्तन पस्तिसाच्या घरातलं. तुमच्या बाबतीत एकविसावा दिवस हा शिखराचा दिवस नाहीच. तो बीज फुटण्याच्या आसपासचा दिवस आहे.

हे डोक्यात ठेवून तुमचा रिपोर्ट पुन्हा हातात घ्या.

प्रोजेस्टेरॉन ०.९. पाळीच्या पहिल्या भागात ते एकाच्या खालीच असतं आणि एलएचची लाट आली की किंचित वर सरकायला लागतं. म्हणजे ०.९ याचा अर्थ ‘रक्त घेतलं तोवर पीतपिंड झालेलं नव्हतं’, इतकाच. पुढे झालं नाही, असं तो आकडा सांगत नाही. त्याच्या शेजारी एलएच ३८. एरवी एलएच एका आकड्यात किंवा थोडं वर असतं आणि लाट आली की कित्येक पटींनी चढतं. त्याच वेळी एफएसएचही चढतं, पण कमी. तुमचं १४. मग पंधराव्या दिवशी पाळी. आता उलटं मोजा. पाळी छत्तिसाव्या दिवशी सुरू झाली. त्यातून चौदा वजा केले की येतो बाविसावा दिवस. रक्त दिलंत एकविसाव्या दिवशी.

माझ्या समोर हा कागद आला असता तर मी म्हटलं असतं, बहुधा तुमचं रक्त ऐन एलएचच्या लाटेत घेतलं गेलं आणि बीज दिवस-दीड दिवसात फुटायचं होतं. ज्या कागदावर ‘बीज फुटत नाही’ असा शिक्का बसला, तोच कागद ते फुटायच्या बेतात असल्याचं सांगतोय. ‘बहुधा’ म्हणते, कारण एका दिवसाच्या एका नमुन्यावर शपथ घेता येत नाही. अंडाशयाचं काम लवकर मंदावलं तरी एलएच आणि एफएसएच दोन्ही वाढतात, पण तिथे सहसा एफएसएच वरचढ असतं, आणि इतक्या नेमाने येणाऱ्या पाळीशी ते जुळत नाही.

पीसीओएसचंही तेच. एलएच आणि एफएसएचचं प्रमाण पाहायचं तर पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सगळं शांत असताना. लाटेच्या दिवशी ते प्रत्येकीचंच बिघडलेलं दिसणार. शिवाय ते प्रमाण निदानाच्या निकषांत नाहीच. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेले निकष तीन: बीज अनियमित फुटणं, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीत अंडाशयांचं विशिष्ट रूप. तिन्हींपैकी दोन हवेत, आणि तशीच चित्रं उभी करणारे इतर आजार आधी बाजूला काढायला हवेत. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच चालेल असं म्हटलं. एलएचचं प्रमाण तिथेही नाही. तुम्हाला पीसीओएस नाहीच असं मी म्हणत नाही. लांबलेली पाळी त्यात असते. पण या कागदावरून ते ठरत नाही.

ज्यांनी हे निदान केलं त्यांच्यावर रागावू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका रुग्णाचं सलग तीन आवर्तनं एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन करून घेतलं. तिन्ही वेळा एकाच्या खाली. मी क्लोमिफीन, म्हणजे बीज फुटण्याची गोळी, लिहून दिलं आणि पाळी आली की दुसऱ्या दिवसापासून सुरू करा म्हटलं. ती पाळी आलीच नाही. महिन्याभराने ती परत आली, गोळ्यांची पट्टी न उघडलेली आणि चाचणी पॉझिटिव्ह. फाइल चाळली तर तिच्याच हाताने कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: ४१, ३९, ४२. आवर्तनाचे दिवस. ती पहिल्या भेटीपासून सांगत होती, मी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर प्रोजेस्टेरॉनच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे, ‘पुढची पाळी कधी आली?’ तो भरेपर्यंत मी त्या आकड्याबद्दल मत देत नाही.

मग तुम्ही तपासणी कधी करावी? तुमची सर्वांत छोटी आवर्तनं ३४ दिवसांची आणि लांब ३७ ची. म्हणजे बीज विसाव्या ते तेविसाव्या दिवसाच्या दरम्यान. अठ्ठाविसाव्या दिवशी रक्त दिलंत तर कुठल्याही शक्यतेत तुम्ही बीज फुटल्यानंतरच्या पाचव्या ते आठव्या दिवशी असाल. तो दिवस चालतो. रक्त दिल्यावर आठवडाभरात पाळी आली नाही तर पुन्हा एकदा द्यायचं, आणि असं पाळी येईपर्यंत आठवड्याला एकदा. ज्यांची पाळी चाळीस, पन्नास, साठ अशी कशीही उड्या मारते त्यांना हाच एक मार्ग उरतो, आणि खरं सांगायचं तर इतकी अनियमित पाळी असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या आधी पाळी अनियमित का आहे हेच शोधायला हवं.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. लघवीतून एलएच दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात. तुम्ही सतराव्या दिवसापासून रोज एक करा. चाचणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली, की तो पहिला पॉझिटिव्ह दिवस. त्यानंतर सात-आठ दिवसांनी रक्त. इथे अंदाज राहत नाही, तुमच्याच शरीराने तारीख दिलेली असते. अडचण एकच. ज्यांना खरोखर पीसीओएस आहे त्यांच्यात एलएच मुळातच चढं असल्यामुळे पट्टी दिवसेंदिवस पॉझिटिव्ह दिसू शकते. आणि लाट आली म्हणजे बीज फुटलंच असंही नाही. पट्टी ‘निघायची तयारी झाली’ म्हणते, ‘निघालं’ हे प्रोजेस्टेरॉन सांगतं.

दिवस मोजण्यातली एक बारीक गडबड इथेच सांगून टाकते, कारण ती फार होते. पहिला दिवस म्हणजे ज्या दिवशी नीट रक्तस्राव सुरू झाला तो. आदल्या दोन-तीन दिवसांतले तपकिरी डाग मोजायचे नाहीत. एकीने डाग धरले, दुसरीने स्राव थांबल्यापासून मोजलं (हो, असंही होतं), की लॅबच्या कागदावर दोघींचाही ‘अठ्ठाविसावा दिवस’ लिहिला जातो आणि दोघींत आठवड्याचं अंतर असतं. रक्त द्यायला उपाशीपोटी जायची गरज नाही. दुपारी दिलंत तरी चालेल.

आता आकडा किती यायला हवा. ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलं, की बीज फुटलं असावं असं मानतात. दहाच्या आसपास किंवा वर असेल तर शंका राहत नाही. पण आकडा वाचण्याआधी शेजारचं एकक वाचा. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात, नॅनोग्रॅमला ३.१८ ने गुणलं की नॅनोमोल येतात. कुठे ३० नॅनोमोलची रेघ वापरतात, ती म्हणजे साधारण ९.४ नॅनोग्रॅम. गंमत अशी, की ३ नॅनोग्रॅम म्हणजे साधारण ९.५ नॅनोमोल. म्हणजे साडेनऊ हाच आकडा एका एककात जेमतेम आणि दुसऱ्यात उत्तम. इंटरनेटवर एकमेकींचे रिपोर्ट ताडून पाहणाऱ्या बायका यावरून किती रात्री जागल्या असतील कोण जाणे.

आणि एक विनंती. तीनच्या वरचा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा बघू नका. ‘मैत्रिणीचं १८ आलं, माझं ७, म्हणजे माझं बीज कमकुवत’ हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन संथ धारेने सोडत नाही, एलएचच्या ठोक्यांबरोबर ते उसळत राहतं. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्त्रियांचं रक्त पाळीच्या दुसऱ्या भागात दर दहा मिनिटांनी, चोवीस तास घेतलं. प्रोजेस्टेरॉन एका दिवसात २.३ पासून ४०.१ पर्यंत खालीवर होताना दिसलं. तेव्हा सकाळी ७ आलं ते दुपारी २० आलं असतं, आणि उलटही. म्हणूनच एका आकड्यावरून ‘ल्युटियल फेज डिफेक्ट’, म्हणजे आवर्तनाच्या दुसऱ्या भागात प्रोजेस्टेरॉन कमी पडण्याचा दोष, असं निदान करणं मला पटत नाही. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनचंही म्हणणं असंच आहे, की त्या दोषाचं निदान करणारी भरवशाची तपासणी आज उपलब्ध नाही. एकेकाळी यासाठी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं ‘वय’ ठरवत. १९५० साली त्याचे निकष लिहिले गेले आणि पुढे कित्येक दशकं ते प्रमाण मानले. मी शिकत असताना आमचे वरिष्ठ ते करायचे. दुखायचं, आणि दोन तज्ज्ञांचं उत्तर जुळेलच असं नव्हतं. आता या कामासाठी ते कोणी करत नाही, बरंच झालं.

आकडा फसवू शकतो अशा काही जागा. तुम्हाला बीज फुटल्यानंतर आधार म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल दिल्या असतील तर रक्तात काही अंशी तेच मोजलं जाईल, तपासणीला अर्थ उरत नाही. डायड्रोजेस्टेरॉनच्या गोळीचं उलट, ती औषध म्हणून काम करते पण या तपासणीत प्रोजेस्टेरॉन म्हणून दिसत नाही. बीज फुटण्याच्या गोळ्यांच्या आवर्तनात दोन-तीन फॉलिकल फुटले तर पीतपिंडंही तितकीच, मग आकडा फुगतो. आणि कोणी सहसा विचारत नाही ती गोष्ट म्हणजे केस-नखांसाठी घेतलं जाणारं बायोटिन. त्याचा मोठा डोस चालू असेल तर लॅबच्या काही यंत्रांवर प्रोजेस्टेरॉन खोटं जास्त आणि एलएच, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटं कमी दिसू शकतं. रक्त देण्यापूर्वी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

पाळी आणण्यासाठी गोळ्या दिल्या असतील तर उलटं मोजायची युक्तीही चालत नाही. तो रक्तस्राव गोळी थांबली म्हणून येतो. त्याच्या चौदा दिवस आधी बीज फुटलं होतं असं म्हणता येत नाही. तसंच बीज न फुटताही अधूनमधून रक्तस्राव होतो, म्हणून पंधराव्या दिवशी पाळी आली एवढ्यावरच तुमच्या बाबतीत मी थांबले नसते. एलएच ३८ आणि पंधरावा दिवस हे एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून मला ते पटतं.

धूर आहे पण आग नाही, असं होतं का? होतं, क्वचित. फॉलिकलचं पीतपिंड होतं, प्रोजेस्टेरॉन व्यवस्थित वाढतं, पाळीही वेळेवर येते, पण बीज आतच अडकून राहतं. रक्ततपासणीला हे कळत नाही. सोनोग्राफीत कळतं: १८-२० मिलिमीटरच्या पुढे गेलेलं फॉलिकल एके दिवशी कोसळलेलं दिसायला हवं, गर्भाशयामागे थोडं पाणी दिसायला हवं. ते तसंच फुगलेलं राहिलं तर संशय घ्यायचा. वेदनाशामक गोळ्यांपैकी काही, उदाहरणार्थ आयबुप्रोफेन, बीज फुटायच्या दिवसांत सतत घेतल्या तर असं होऊ शकतं, म्हणून त्या काळात डोकं-पाठ दुखली तर काय घ्यायचं ते विचारून घ्या. पण यासाठी प्रत्येकीला दिवसाआड सोनोग्राफीला बोलवायचं मी टाळते. पहिल्या पायरीला योग्य दिवसाचं एक प्रोजेस्टेरॉन पुरतं.

आता तुमच्या हार्मोन प्रोफाइलबद्दल. एएमएच हा कोठारात किती दाणे आहेत त्याचा अंदाज. या महिन्यात दाणा बाहेर पडला का, हे ते सांगत नाही, आणि ज्यांना अजून उपचारांची गरज ठरलेली नाही त्यांच्यात गर्भ राहील की नाही हेही सांगत नाही. आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचं औषध ठरवताना ते उपयोगी. तुमच्यासारखीने आत्ता ते केलं आणि थोडं कमी आलं, की नुसती धास्ती पदरी पडते. इस्ट्रॅडिओल एकदा, कुठल्यातरी दिवशी करण्यात काही हशील नाही, तासागणिक बदलणारी गोष्ट आहे ती. पाळी ३५ दिवसांच्या पुढे वारंवार जाते म्हणून टीएसएच आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध येण्याशी संबंधित हार्मोन) मात्र मी करून घेईन. प्रोलॅक्टिन सकाळी, पण झोपेतून उठल्या उठल्या नको, आणि धावत-पळत लॅब गाठून लगेच सुई टोचून घेऊ नका. ताणाने ते वाढतं. चेहऱ्यावर केस, मुरमं असं काही असेल तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन. एलएच-एफएसएच पुन्हा करायचंच असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवशी.

इथवरचं थोडक्यात: तुमची तपासणी चुकली नाही, दिवस चुकला. तो आकडा बीज फुटत नसल्याचा पुरावा नाही, आणि ते एलएच पीसीओएसचा पुरावा नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी किंवा पट्टी पॉझिटिव्ह आल्यावर सात-आठ दिवसांनी प्रोजेस्टेरॉन पुन्हा करा आणि पुढच्या पाळीची तारीख त्याला जोडा.

आता तुमचं दुसरं वाक्य. ‘बारा ते सोळा हे दिवस आम्ही कधीच चुकवत नाही.’ हा सल्लाही त्याच अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबातून आलाय. शुक्रजंतू अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून गर्भ राहण्याचे दिवस म्हणजे बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. त्यातही शेवटचे दोन-तीन दिवस सर्वांत जमेचे. तुमचं बीज विसाव्या ते तेविसाव्या दिवशी फुटत असेल, तर तुमचे दिवस साधारण पंधरा ते तेवीस. आठ महिने तुम्ही नेमाने प्रयत्न केलेत, पण त्या मुदतीच्या अगदी काठावर, आणि सोळानंतर ‘आता झालं’ म्हणून थांबलात. त्यामुळे या आठ महिन्यांकडे पूर्ण आठ महिने म्हणून बघायला मी तयार नाही.

गोळ्यांविषयी माझं मत एवढंच, की ज्यांचं बीज आपणहून फुटतं त्यांना या गोळ्यांनी फारसा फायदा होत नाही, जुळ्यांची शक्यता मात्र वाढते. तेव्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा, आणि जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहून न्या. ‘माझं आवर्तन पस्तीस दिवसांचं आहे, रक्त एकविसाव्या दिवशी घेतलं होतं, अठ्ठाविसाव्या दिवशी परत करू का?’ असं सरळ विचारा. बहुतेक डॉक्टर तारखा पाहिल्या की स्वतःच थांबतात. त्यांच्याकडे तुमच्या सोनोग्राफीत काही वेगळं दिसलं असेल आणि गोळ्यांचं कारण ते असेल, तर तेही तेव्हाच कळेल. ऐकून घ्या.

मिस्टरांची वीर्यतपासणी झाल्याचा उल्लेख तुमच्या प्रश्नात कुठे नाही. ती झाली नसेल तर तुमच्या दुसऱ्या सुईच्या आधी ती होऊ द्या. दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून नमुना द्यायचा, बाकी त्यात काही नाही. पस्तिशीच्या आत असताना साधारण वर्षभर प्रयत्न करून मग पुढच्या तपासण्या, नलिका उघड्या आहेत का वगैरे, असा रिवाज आहे. पस्तिशीनंतर सहा महिने. पाळी फारच अनियमित असेल तर इतकंही थांबायचं नाही.

या महिन्याचं म्हणाल तर एक वही घ्या. पहिला दिवस नीट स्राव सुरू झाल्याचा. पंधराव्यापासून दिवसाआड एकत्र या, तेविसाव्यापर्यंत. सतराव्यापासून पट्टी, पॉझिटिव्ह आली की तारीख लिहा आणि तो दिवस व दुसरा दिवस सोडू नका. अठ्ठाविसाव्याला रक्त. मग पाळी आली तर तिची तारीख. आणि अडतिसावा दिवस उलटूनही आली नाही, तर दुसरं प्रोजेस्टेरॉन द्यायला जाण्याआधी घरच्या घरी गर्भधारणेची चाचणी करा.